बटणांच्या शेडमधला पाळणा

माझा डावा डोळा कामाचा नाही, हे मला कळलं तेव्हा मी तिसरीत होते. दुपारची वेळ होती. आई उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होती आणि मी उजवा गाल चटईला टेकवून तिच्याकडे बघत पडले होते. असं पडलं की उजवा डोळा दबून जायचा आणि आई ओल्या फडक्यानं पाटी पुसल्यासारखी धुरकट दिसायची. आडवं झाल्यावर सगळ्यांनाच असं दिसत असणार, असं मी धरून चालले होते. त्या दिवशी सहज बोलून गेले, "आई, तू पुसलेली दिसतीस."

तिनं सूप खाली ठेवलं. आधी माझा एक डोळा तळहातानं झाकला, मग दुसरा, आणि समोर बोटं धरून विचारलं, किती. उजव्या डोळ्यानं मी बरोबर सांगितलं. डाव्यानं मला फक्त तिथं काहीतरी हलतंय एवढंच कळत होतं. दुसऱ्या दिवशी आण्णा मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हा डोळा लहानपणी वापरातच आला नाही, आता चष्मा लावून उपयोग नाही, दुसरा जपा. वरून बघणाराला काहीच कळत नव्हतं. दोन्ही डोळे सारखे काळे, सारखे टपोरे.

घरी आल्यावर आईनं मला जवळ घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "हे कुणापुढं बोलायचं न्हाई. मामाला न्हाई, मैत्रिणीला न्हाई. पोरीची जात हाय तुजी." ती रागावली नव्हती. रागावली असती तर मी विसरले असते. ती घाबरली होती, म्हणून ते माझ्या मनात बसलं.

आण्णा गिरणीत सूतखात्यात होते. आम्ही मूळचे जेऊरकडचे, पण माझा जन्म सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीतलाच. मॅट्रिकला मी गणितात गेले आणि घरी बसले. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत गिरणीत कधी काम असायचं, कधी नसायचं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की रुळांच्या पलीकडे एका शेडमध्ये विजेची बटणं जोडायला बायका घेतात. आईला ते पसंत नव्हतं. "बारीक काम असणार," एवढंच ती म्हणाली. पुढचं तिनं तोंडातच ठेवलं. मी म्हटलं, जमेल.

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली एक लांबच लांब टेबल. टेबलाच्या दोन्ही बाजूंना स्टुलांवर आम्ही बायका. निम्म्याहून जास्त विणकरांच्या घरच्या, आपसात तेलुगू बोलणाऱ्या. दोघीचौघी अक्कलकोटकडच्या, त्यांचं कानडी. बाकी आम्ही मराठी. टेबलाच्या टोकाला अक्का बसायच्या. वयानं सगळ्यांत मोठ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज करडा. आम्ही जोडलेलं प्रत्येक बटण त्यांच्या हाताखालून जायचं. मालक प्लायवूडच्या खोलीत असायचे आणि फारसे बाहेर येत नसत.

काम असं होतं. काळी बेकेलाइटची बैठक डाव्या हातात धरायची. तिच्यात पितळी पट्ट्या बसवायच्या, स्प्रिंग घालायची, वर खटका ठेवायचा आणि बारके स्क्रू डिसमिसनं पिळायचे. पट्ट्या, स्प्रिंग, खटका हे सगळं मी चाचपून बसवायची. बोटांना सवय होती. अडायचं ते स्क्रूपाशी. एका डोळ्यानं जग सगळं दिसतं, पण कुठली वस्तू किती पुढं आणि किती मागं, ते नीट उमगत नाही. सुईत दोरा ओवणं, जिना उतरणं, कुणी पुढं केलेली वस्तू पटकन धरणं, या सगळ्यात मी हळूच हात लावून अंदाज घ्यायला शिकले होते. डिसमिसचं टोक मात्र स्क्रूच्या त्या केसाएवढ्या खाचेत पडायला पाहिजे. ते अलीकडे पडायचं, नाहीतर निसटून पलीकडे जायचं. आणि पलीकडे माझा अंगठा असायचा.

अंगठ्याला मी चिंधी बांधत असे. घरी सांगितलं, पट्ट्यांच्या कडा लागतात.

संध्याकाळी अक्का खराब माल परत करायच्या. बैठकीवर स्क्रूशेजारी पांढरे ओरखडे असले की ते बटण चालत नसे. ओरखडे माझ्याच मालावर असायचे, हे सगळ्या टेबलाला माहीत झालं होतं. अक्का काही न बोलता ती बटणं माझ्यापुढं सरकवायच्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून ती पुन्हा खोलायची, पुन्हा जोडायची, आणि भाकरी तशीच राहायची. आईला संशय येऊ नये म्हणून घरी जाताना वाटेत ती गाईला घालायची.

शेडच्या कोपऱ्यात चाचांचं टेबल होतं. चाचा म्हणजे फिटर. हातप्रेसवर पितळी पट्ट्या कापणं, बिघडलेलं काहीही दुरुस्त करणं, हे सगळं त्यांच्याकडे. दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. ओरखड्यांची बटणं पॉलिश करायला शेवटी त्यांच्याकडेच जात. एका दुपारी त्यांनी मला बोलावलं.

"इधर आ बेटी. ये पेन्सिल पकड."

एक पेन्सिल माझ्या हातात दिली, दुसरी स्वतः हवेत आडवी धरली. "अपनी नोक इस नोक कू लगा."

मी लावायला गेले. माझी पेन्सिल त्यांच्या पेन्सिलीच्या पलीकडे गेली. पुन्हा लावायला गेले, तर अलीकडेच थांबली. चाचांनी पेन्सिल खाली ठेवली आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "एक आँख से देखती ना तू?"

त्या डॉक्टरांनंतर, घरातल्या दोन माणसांखेरीज हे कुणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं. मी हात जोडले. कुणाला सांगू नका, एवढंच कसंबसं म्हणाले.

"नक्को रो. मैं किसकू नै बोलता," ते म्हणाले. आणि ते खरंच कुणाला बोलले नाहीत.

पण त्यांनी एक वस्तू बनवली. आठवडाभर ते फावल्या वेळात काहीतरी तासत होते. एके सकाळी आम्ही जागेवर बसतोय तोवर ते आले आणि सगळ्यांदेखत ती वस्तू माझ्यापुढं ठेवली. सागवानी लाकडाचा ठोकळा. त्यात बटणाची बैठक बरोबर बसेल अशी खोबण, म्हणजे हातात धरायला नको. ठोकळ्याच्या बाजूला एक फिरती दांडी आणि दांडीच्या टोकाला उभी पितळी नळी, जुन्या स्टोव्हची कापून घेतलेली. दांडी डावीकडे फिरवली की नळी एका भोकावर येऊन खट्‌कन थांबायची, उजवीकडे फिरवली की दुसऱ्यावर. नळीतून स्क्रू सोडायचा, नळीतूनच डिसमिस घालायचा. टोक दुसरीकडे कुठं जायला वावच नाही.

"बैठ के देख," चाचा म्हणाले. त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता.

सगळ्या बायका थांबून बघत होत्या. समोरची म्हणाली, "हिलाच का बरं?" कुणीतरी तेलुगूत काही बोललं आणि त्या बाजूच्या चारजणी हसल्या. मी खाली मान घालून एक बटण खोबणीत ठेवलं, स्क्रू सोडला, डिसमिस फिरवला. स्क्रू बसला. एकही ओरखडा नाही. त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, आपली साडी सगळ्यांसमोर फिटली आहे.

ती वस्तू बाळाच्या पाळण्यासारखी दिसायची. खोबणीत बटण निजलेलं, वर दांडी झुलतेय. दुपारपर्यंत तिला पाळणा हे नाव पडलं. माझ्या शेजारी कुर्डुवाडीकडची एक तोंडाळ बाई बसायची. ती म्हणाली, "लग्नाच्या आदीच हिच्याम्होरं पाळणा आला की." सगळं टेबल हसलं. अक्काही हसल्या.

मी तो पाळणा वापरत होते आणि त्याचा रागही करत होते. माझा माल परत येईनासा झाला. अंगठ्याची चिंधी सुटली. तरी मालक कुणा पाहुण्याला घेऊन टेबलाजवळून जाऊ लागले, की मी पायाशी ठेवलेलं पोतं चटकन त्यावर टाकायची आणि हातात बटण धरून नुसतं बसायची. चाचांच्या कोपऱ्याकडे तर मी बघतच नव्हते. त्यांच्याशी बोललं तर सगळ्यांना सगळं कळेल, अशी भीती वाटायची. त्यांनी एकदा विचारलं, "ठीक चल रहा ना?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

त्याच थंडीत मामाच्या ओळखीतून मला स्थळ आलं. मुलगा कुर्डुवाडीचा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये कायम झालेला. सगळ्यांच्या मते आमच्यापेक्षा वरचढ घर. बघायला आले तेव्हा मुलाच्या आईनं मला वर्तमानपत्र वाचायला लावलं. तेव्हा मुलीची नजर बघायची हीच रीत होती. मी घडाघड वाचलं. वाचायला मला कधीच अडचण नव्हती, एक डोळा पुरायचा. आईनं पदरानं मानेचा घाम पुसलेला मला दिसला. मुलगा जास्त बोलत नव्हता. नखांत काळं तेल बसलेलं होतं, ते लपवायला त्यानं मुठी मिटून मांडीवर ठेवल्या होत्या. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"तुमी तितं नेमकं काय जोडता?"

मी बटणाच्या आत काय काय असतं ते सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. खटका दाबल्यावर आत पट्टी कशी टेकते हे मी हातानं दाखवलं, तर त्यानंही नकळत तसाच हात केला. मला तो आवडला. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

होकार आला. सुपारी फुटायचीच बाकी होती. आई रोज सकाळी मला डबा देताना म्हणायची, "नीट ऱ्हा. तितं काय वेगळं करू नगंस."

आणि मग एका दुपारी मुलाची आई शेडमध्ये आली. एकटी. कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीनं उतरून थेट तिथं. पायांवर धूळ, हातात कापडी पिशवी. दाराशी उभं राहून तिनं टेबलावरून नजर फिरवली आणि मला शोधून काढलं. पोतं टाकायला मला वेळच मिळाला नाही. ती सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिचा चेहरा ताणलेला होता.

"पाळणा कुटं हाय?" ती म्हणाली.

मला काही कळेना. शेजारची तोंडाळ बाई एकदम डिसमिस शोधायला टेबलाखाली वाकली.

"आमच्या गल्लीत लगीन हुतं," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "तितं एक बाई म्हनली, त्या सोलापूरच्या पोरीम्होरं पाळणा हाय. चार तोंडातनं फिरून माझ्याकडं आलं. म्हनलं, आपल्या डोळ्यांनी बघूनच बोलावं."

मग मला कळलं. कानशिलं तापली. मी बोट करून ठोकळा दाखवला. "हा," म्हटलं. "ह्याला पाळणा म्हणतात."

ती वाकून बघत राहिली. खोबणीत बटण होतं, वर नळी. तिनं दांडीला बोट लावलं, दांडी फिरली. मग ती हसायला लागली. खूप हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिनं पदर तोंडाला लावला. सगळ्या बायकाही हसल्या. कुणीतरी स्टूल दिलं, पाणी दिलं. मीसुद्धा हसले. एवढं हलकं मला त्या शेडमध्ये कधीच वाटलं नव्हतं.

पाणी पिऊन तिनं भांडं खाली ठेवलं आणि टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मग सहजच विचारलं, "मंग हे तुलाच का? बाकीच्या तर हातावरच करत्यात."

मला सांगता आलं असतं की चाचा नवीन काहीतरी करून बघताहेत. तसं सुचलंही होतं. पण ती इतक्या लांबून आली होती, खरं काय ते बघायला, आणि आत्ताच माझ्यापाशी बसून पोटभर हसली होती. मी तिला बाहेर कडुलिंबाखाली घेऊन गेले आणि सांगितलं. डावा डोळा लहानपणापासून नाही, वाचता येतं, घरकाम सगळं येतं, फक्त बारीक टोक जुळवता येत नाही.

मग तिनं माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला. एकदा या डोळ्यात बघितलं, एकदा त्या. बाजारात जनावर बघतात तसं नव्हतं ते. हात मऊ होता. म्हणूनच मला ते सोसवलं नाही, मी डोळे मिटून घेतले.

"खरं बोललीस," ती म्हणाली. "पर मला रातंदिस वाटत ऱ्हाईल गं, पोरांच्यात उतरलं तर. मी एकटी न्हाई ठरवनारी. घरात इचारती."

जाताना तिनं पिशवीतून बोरं काढून माझ्या ओंजळीत घातली. आठ दिवसांनी मामाकडून निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

आई माझ्याशी बोलायची बंद झाली. ती रडली असती, तर मला तिच्याजवळ जाता आलं असतं. ती नुसती कामं करत राहिली. पाळण्याची सगळी हकिकत तिला मामाकडूनच कळली होती. आण्णांनी मला काहीच विचारलं नाही. पण एका दुपारी ते शेडमध्ये आले. पाळी सुटल्यावर तसेच आले होते, केसांत आणि भुवयांत कापूस. मला वाटलं, घरी काही झालं. ते माझ्याकडे न बघता सरळ चाचांच्या टेबलाशी गेले आणि सगळ्यांसमोर त्यांनी हात जोडले.

"तुमी चांगल्यासाटीच केलं, मला म्हाईत हाय. पर ते काढून टाका. पोरीचं आमच्या वाटोळं झालं त्यानं."

चाचा उठून उभे राहिले. त्यांना आधी समजलंच नाही. समजल्यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला. "गलती हो गई भाई," ते म्हणाले. माझ्यापुढचा ठोकळा त्यांनी उचलून नेला आणि आण्णांच्या देखत दांडीचा खिळा उपटून नळी बाजूला केली. आण्णा मान हलवून निघून गेले.

मला तेव्हा आण्णांची लाज वाटली. त्यांचा कापूस, त्यांचे जोडलेले हात, त्यांचा तो हेल. ते गेल्यावर मला त्या लाजेची लाज वाटली, आणि चाचांकडे बघायचं धाडस तर होईचना. त्या म्हाताऱ्या माणसानं माझ्या अंगठ्यातलं रक्त थांबवलं होतं, आणि त्यालाच सगळ्यांसमोर चूक झाली म्हणावं लागलं.

पुन्हा चिंधी, पुन्हा ओरखडे. थोड्याच दिवसांत अक्कांनी मला पॅकिंगला बसवलं. तिथं पुठ्ठ्याच्या डब्यांत बटणं भरायची आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवायची. कुणीही करील असं काम. माझी पाठ टेबलाकडे असायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की हेच बरं, इथं कुणाला काही दिसत नाही.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बायका बाहेर सावलीत गेल्या होत्या. मी पाणी प्यायला आत आले तर अक्का चाचांच्या टेबलाशी वाकल्या होत्या. चाचा नमाजाला गेले होते. अक्कांनी टेबलाखालून तो ठोकळा ओढून काढला होता. त्यात एक बटण ठेवून त्या डिसमिसनं स्क्रू चाचपत होत्या. डिसमिस निसटत होता. मला बघून त्या दचकल्या नाहीत.

"ह्याचं वरचं कुठं गेलं मा?" त्यांनी विचारलं. "नळी होती ना?"

"तुम्हाला कशाला हवंय?"

"दिसेना झालंय," त्या सरळ म्हणाल्या. "मागच्या वर्षापासून. बोटानंच तपासते मी तुमचा माल. ओरखडा असला की बोटाला लागतो. सैल स्क्रू पिळायचा म्हटलं की खाच दिसत नाही."

आज मागं वळून बघताना वाटतं, त्यांचं ऐकून मला धीर यायला हवा होता, किंवा त्यांच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. तसलं काही झालं नाही. मला राग आला. त्यांच्या हातात तो ठोकळा बघून मला राग आला.

"तो माझा आहे," मी म्हणाले.

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, ठोकळा टेबलावर ठेवला आणि पदर सावरत बाहेर गेल्या.

चाचा परत येईपर्यंत मी तिथंच उभी राहिले. किती दिवसांनी मी त्यांच्यासमोर अशी उभी होते. "चाचा, माझा पाळणा मला परत पाहिजे," म्हटलं.

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. "तेरे वालिद?"

"आण्णांना मी सांगते."

"पैले उनकू बोल के आ," ते म्हणाले. "बाद में मैं लगाता."

त्या संध्याकाळी आण्णा जेवायला बसले होते. मी सांगितलं की मी तो पुन्हा लावून घेणार आहे. आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि उलटतच राहिली. आण्णांचा घास हातात राहिला. मग म्हणाले, "झालं ते झालंच हाय. लाव." आणि हात धुऊन उठले. अर्धी भाकरी तशीच राहिली.

चाचांनी दांडी पुन्हा बसवली. या वेळी त्यांनी मला समोर बसवून माझ्या हाताच्या मापानं उंची ठरवली. ते हसत नव्हते. काम झाल्यावर मी म्हणाले, "आण्णांचं मनावर घेऊ नका." ते म्हणाले, "बाप है. मेरे कू भी बेटियाँ हैं." अक्कांसाठी त्यांनी दुसरा बनवला. अक्कांनी तो मागून घेतला, की मालकांनी सांगितलं, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत टेबलावर आणखी काही पाळणे आले. कुणाचे हात थरथरायचे म्हणून, कुणाला नुसतं सोपं पडतं म्हणून. त्या शब्दावर हसणं हळूहळू थांबलं. 'पाळणा सरकव' असं बायका 'डबा सरकव' म्हटल्यासारखं म्हणू लागल्या.

माझी लाज मात्र गेली नाही. मालकांसोबत कुणी परकं माणूस आलं की माझा हात पायाशी जायचा, पोतं तिथं नसलं तरी. कुर्डुवाडीचं नाव कुणी काढलं की आजही मला लिंबाची सावली आणि हनुवटीवरची ती मऊ बोटं आठवतात. ते बाईमाणूस वाईट नव्हतं. वाईट असतं तर सगळं सोपं झालं असतं.

माझं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी झालं, एस.टी.च्या वर्कशॉपमधल्या माणसाशी. बघायला आले तेव्हा आई मला चिमटा काढत असतानाच मी सगळ्यांसमोर डोळ्याचं सांगून टाकलं. आईचा चेहरा उतरला. ती मंडळी उठून बाहेर गेली आणि बोळात उभी राहून बोलत राहिली. मी फरशीकडे बघत बसले होते. मग सासरे आत आले आणि म्हणाले, "चालेल."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आण्णांनी तर डोळे पुसले. मला तो शब्द पुढं कितीतरी वर्षं टोचत राहिला. आपण चालण्यासारख्या आहोत, एवढंच.

नवीन घरात पहिल्या दिवसांत मी चहा गाळत होते. एका हातात सांडशीत धरलेलं पातेलं, दुसऱ्या हातात गाळणी. हे शेजारीच बसून वर्तमानपत्र वाचत होते. चहाची धार कपाच्या कडेवर पडायला लागली. तेवढ्यात यांनी पानावरची नजर न काढता हात पुढं केला आणि कप बोटभर सरकवला. धार बरोबर कपात पडली.

"मला येतं गाळायला," मी म्हणाले. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा चढला.

"येतं की," हे म्हणाले, आणि कप तसाच धरून राहिले.

मी पातेलं खाली ठेवलं. तोंड एवढं तापलं होतं की मोरीवर जाऊन पाण्याचे हबके मारले. परत आले तेव्हा यांनी उरलेला चहा गाळून माझाही कप भरून ठेवला होता. ते पान उलटून पुढचं वाचत होते. मी समोर बसून तो चहा प्यायले.